मुरघासाची गाठ, कंपोस्टची गोणी : खान्देशातल्या शेतकऱ्यासाठी भरणी-मशीनचा सविस्तर मार्गदर्शक

फेब्रुवारीत तापीकाठच्या शिवारात रब्बीचा मका हिरवागार उभा असतो. दोन-अडीच महिन्यांनी, पारा ४४-४५ वर गेला की त्याच गावात कडब्याच्या पेंढीसाठी दारोदार फिरावं लागतं. फेब्रुवारीतला हिरवा चारा मे-जूनपर्यंत टिकवता आला तर निम्मा दुधधंदा सावरतो. दुसरीकडे याच शिवारात कपाशीची पऱ्हाटी बांधावर पेटवली जाते आणि केळीचे खांब रस्त्याच्या कडेला कुजत पडतात. हिरवा चारा हवाबंद आंबवून, म्हणजे मुरघास करून, त्याची गाठ बांधता येते आणि या काडीकचऱ्याचं खत करून त्याची गोणी भरता येते. दोन्हींसाठी मशीन मिळतात. हल्ली प्रदर्शनात एकच मशीन दाखवून “मुरघासही भरतं, खतही भरतं” असं सांगितलं जातं, म्हणून सुरुवातीलाच फरक सांगतो.

मुरघासाला हवा लागता कामा नये, आणि कंपोस्टची हवा तोडता कामा नये. मुरघासात हवा राहिली की बुरशी येते. कंपोस्ट हवाबंद केलं की ते कुबट, आंबूस वासाचं होतं. म्हणून एका मशीनचं काम माल दाबणं आणि दुसऱ्याचं काम माल मोकळा ठेवून मोजणं. ही गोष्ट लक्षात ठेवली की मशीन निवडताना फसगत होत नाही.

आधी कागद-पेन, मग मशीन

समजा तुमच्याकडे पाच दुभती जनावरं आहेत. मोठ्या जनावराला दिवसाला साधारण २० किलो मुरघास धरा. सुका चारा आणि पेंड वेगळी. मार्चच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचे १२० दिवस काढायचे आहेत. ५ × २० × १२० म्हणजे १२ टन. बॅगेतून वाया जाणारा, आंबताना घटणारा माल १५ टक्के धरला तर भरताना १४ टन लागतो. चांगल्या मक्याचा हिरवा चारा एकरी १५ ते २० टन निघतो, म्हणजे तुमचं काम एका एकरात भागतं.

आता मशीनकडे या. छोट्या बेलरची, म्हणजे गाठ बांधणाऱ्या मशीनची, गाठ ७० किलोची धरली तर १४ टनाच्या २०० गाठी होतात. कुट्टी, म्हणजे बारीक कापलेला चारा, वेळेवर पुरवली तर हे एक-दोन दिवसांचं काम आहे. वर्षातून दोन दिवसांसाठी मशीन विकत घेणं परवडत नाही, हे हिशेबच सांगतो. पाच जनावरांच्या शेतकऱ्याने मशीन भाड्याने बोलवावं. गावातले पंधरा-वीस दूधवाले एकत्र आले किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने घेतलं, तर तेच मशीन हंगामभर फिरतं आणि त्याचे पैसे वसूल होतात.

बॅगेचा आकारही याच हिशेबातून ठरतो, आणि इथेच बरेच जण चुकतात. एक टनाची बॅग स्वस्त पडते म्हणून घेतात. पाच जनावरांना ती दहा दिवस पुरते. मे महिन्यात उघड्या तोंडाचा मुरघास तिसऱ्या दिवशी हाताला गरम लागतो आणि पाचव्या-सहाव्या दिवशी त्यावर बुरशी दिसते. ज्याच्याकडे वीस जनावरं आहेत त्याची एक टनाची बॅग अडीच दिवसांत संपते, त्याला ती योग्य. उघडलेली बॅग किंवा गाठ उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत संपलीच पाहिजे, या हिशेबाने आकार निवडा. पाच जनावरांना रोज दीड गाठ लागते. छोटी गाठ त्यांच्यासाठीच आहे.

मशीनचे प्रकार, आपल्याकडे काय चालतं

सगळ्यात साधी पद्धत मशीनशिवायची. कुट्टी मशीनच्या ब्लोअरखाली मुरघास बॅग उभी करायची, आत पातळ प्लास्टिकचं अस्तर, बाहेरून विणलेलं जाड कापड, आणि माणसाने आत उभं राहून तुडवायचं. ५०० किलो आणि १ टनाच्या बॅगा अशाच भरल्या जातात. पहिल्या वर्षी हीच करा असा माझा सल्ला आहे. दाब म्हणजे काय हे पायाला कळतं, आणि मग मशीन घेताना काय तपासायचं तेही कळतं.

दुसरी, हायड्रोलिक दाबाची भरणी. लोखंडी पेटीत कुट्टी टाकायची, दट्ट्या ती दाबतो आणि दाबलेला ठोकळा तोंडाला लावलेल्या पिशवीत सरकवतो. मशीन सुटसुटीत आहे, पण पिशवीच्या तोंडाकडची हवा काढणं हातावरच राहतं.

तिसरा छोटा गोल बेलर आणि त्याला जोडलेला रॅपर, म्हणजे गाठीवर फिल्म चढवणारा भाग. खान्देशातल्या लहान-मध्यम दूधवाल्यांसाठी मला हाच पसंत आहे. सुमारे ५५ सेंमी व्यासाची आणि ५२ सेंमी लांबीची गाठ तयार होते, तिला सुतळी किंवा जाळी गुंडाळली जाते, आणि शेजारच्या फिरत्या टेबलावर चिकट फिल्मचे थर चढतात. जिनिंगमध्ये रुईची गाठ बांधताना ज्याने पाहिलं आहे त्याला हे समजायला वेळ लागत नाही. बहुतेक मॉडेलना साडेसात एचपीच्या आसपास मुख्य मोटर आणि रॅपरला दीड एचपीची मोटर लागते, थ्री-फेज. आपल्या शेती फीडरवर वीज दिवसा-रात्री आलटून पालटून येते आणि मध्येच जाते. कापलेला मका पडून आहे आणि लाइट गेली, यासारखं नुकसान नाही. म्हणून ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारं किंवा डिझेल इंजिन बसवलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या, नाहीतर भाड्याचा जनरेटर आधी ठरवून ठेवा.

चौथा प्रकार परदेशातल्या मोठ्या दूधफार्मवरचा: अजगरासारखी लांब प्लास्टिकची नळी आणि मागे सरकत जाणारं मशीन. दाताळ्यांचा रोटर माल नळीत कोंबतो, आणि मशीनचा ब्रेक जितका घट्ट तितका माल दाबून बसतो. प्लास्टिकवर छापलेल्या खुणा किती ताणल्या यावरून भरणी मोजतात. अशाच नळीत भोकांचे पाइप टाकून, पंख्याने हवा सोडून कंपोस्टही करतात. एकाच तंत्रात खत करायचं झालं की आत हवेचा पाइप टाकावाच लागतो, हे त्यातून शिकण्यासारखं. आपल्याकडच्या जमीनधारणेला हे मशीन कामाचं नाही, पुढे जाऊ.

मका कधी कापायचा

मशीन कितीही चांगलं असो, चुकीच्या दिवशी कापलेल्या मक्याचा चांगला मुरघास होत नाही. शेताच्या आत दहा पावलं जा, कडेचं कणीस घेऊ नका. कणीस मधोमध मोडून दाणा बघा. वरचा भाग पिवळा-कडक आणि खालचा पांढरा-चिकाळ, त्यांच्यामधली रेषा दाण्याच्या निम्म्यावर आली की कापणीचा दिवस आला. जूनच्या पेरणीचा मका साधारण ८० ते ९० दिवसांत इथे पोहोचतो, नोव्हेंबरच्या पेरणीला थंडीमुळे शंभराच्या पुढे दिवस लागतात. दिवस मोजून कापू नका, कणीस मोडून कापा.

रेषा दोन-तृतीयांश खाली गेली की दाणा कडक होतो. मोठ्या मशीनमध्ये दाणा चिरडायचे रोलर असतात, आपल्या कुट्टीत ते नाहीत. मग अख्खा दाणा जनावराच्या पोटातून तसाच शेणात दिसतो. म्हणून आपण जरा अलीकडेच कापलेलं बरं.

दादरचा, म्हणजे आपल्या रब्बी ज्वारीचा, मुरघास करू नका. तिचा कडबा वाळवूनच उत्तम राहतो आणि त्याला भावही मिळतो. दुष्काळात खुरटलेली कोवळी ज्वारी आणि तिचे फुटवे यांत विषारी द्रव्य जास्त असतं, ते कापून लगेच खाऊ घालू नका. केळीच्या खांबाचा मुरघास करण्याचा मोहही टाळा. त्यात नव्वद टक्क्यांच्या पुढे पाणी असतं, दाबलं की नुसता रस वाहतो. खांबाची जागा खताच्या ढिगात.

लष्करी अळीसाठी पोंग्यात औषध टाकलं असेल तर लेबलवर दिलेले थांबायचे दिवस पूर्ण झाल्याशिवाय कापू नका. हा मका उद्या दुधातून घराघरात जाणार आहे.

ओल तपासणं : मूठ आणि तवा

मुरघासात सुका भाग ३० ते ३५ टक्के असावा, बाकी पाणी. हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. ताज्या कुट्टीची मूठ भरा आणि अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. मूठ उघडल्यावर बोटांमधून रस टपकला आणि गोळा तसाच राहिला तर माल ओला आहे. गोळा हळूहळू फुलत उघडला आणि तळहात फक्त दमट झाला तर भरायला घ्या. गोळा लगेच विस्कटला तर माल वाळला आहे, तो दाबला जाणार नाही आणि हवा आत राहील.

पक्कं मोजायचं असेल तर घरच्या वजनकाट्यावर १०० ग्रॅम कुट्टी तोला आणि जाड तव्यावर अगदी मंद आचेवर परतत राहा. पान करपू द्यायचं नाही. दर काही मिनिटांनी तोला. लागोपाठ दोनदा वजन सारखं आलं की थांबा. ३२ ग्रॅम उरलं तर सुका भाग ३२ टक्के. माझ्या स्वयंपाकघरातला एक जुना तवा आता याच कामाचा झाला आहे.

ओला निघाला तर दोन-तीन दिवस थांबा, किंवा कापून अर्धा दिवस शेतात सुकू द्या. वाळला असेल तर कुट्टी जास्त बारीक करा आणि दाब वाढवा.

कुट्टी

तुकडा १ ते २ सेंमीचा हवा. पाती बोथट झाली की कापण्याऐवजी फाटतं, लांब दोरे येतात, आणि ते गाठीत दबत नाहीत. सकाळी काम सुरू करण्याआधी पात्याला धार लावा आणि पात्याचं आडव्या पट्टीपासूनचं अंतर बसवून घ्या. दाणा फुटतो का हे पाहायला एक लिटर कुट्टी पाण्याच्या बादलीत टाका. पालापाचोळा वर तरंगतो, दाणे खाली बसतात. अख्खे दाणे एक-दोनच्या वर दिसले तर धार किंवा कापणीची वेळ चुकली आहे.

ट्रॅक्टरचलित एक-ओळी कापणी यंत्र असेल तर ३५ एचपीच्या पुढचा ट्रॅक्टर लागतो आणि पीटीओ ५४० फेऱ्यांवर ठेवावा लागतो. फेरे कमी झाले की कुट्टी बाहेर फेकणारी मान अडकते, आणि अडकलेली मान काढण्यासाठी हात घालण्याचा मोह होतो. इंजिन बंद करून, चावी खिशात टाकूनच झाकण उघडायचं. कुट्टी मशीनवर उपरणं, ओढणी, सैल बाही आणि हातातलं कडं चालत नाही. बोटं गेलेली माणसं प्रत्येक गावात आहेत, त्यांना विचारा.

गूळ, मीठ, ताक, मिनरल मिक्श्चर घालावं का, हा प्रश्न हमखास येतो. योग्य वेळी कापलेल्या मक्यात आंबण्यापुरती साखर असते, त्याला काही घालायची गरज नाही. गवत किंवा कणीस नसलेला मका असेल तर टनाला १० ते २० किलो गूळ पाण्यात विरघळवून फवारा. खनिज मिश्रण गव्हाणीत द्या, बॅगेत नको.

गाठ बांधणे आणि फिल्म चढवणे

सकाळी कापलेला मका संध्याकाळच्या आत फिल्मखाली गेला पाहिजे. ट्रॉलीत रात्रभर पडलेली कुट्टी गरम होते आणि त्यातली साखर तिथेच संपते. म्हणून जेवढी गाठ बांधता येईल तेवढाच मका कापा.

पहिली गाठ बाहेर आली की लगेच तोला. ५५ बाय ५२ च्या गाठीचं आकारमान सुमारे ०.१२४ घनमीटर येतं. ७० किलो भरली तर घनमीटरला सुमारे ५६५ किलो, आपल्या जुन्या भाषेत घनफुटाला १६ किलो. हा दाब चांगला. ६० च्या खाली आली तर बेलरची घट्टता वाढवा किंवा माल थोडा थोडा टाका. दर वीस गाठींमागे एक तोलत राहा, कारण दुपारी माल वाळत जातो आणि दाब आपोआप कमी होतो.

फिल्म किती थर, याचा सोपा हिशेब: पहिल्या गाठीवर टेबलाचे फेरे मोजा. पूर्ण गाठ एकदा झाकायला किती फेरे लागले? प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर निम्मी चढत असेल तर तेवढ्या फेऱ्यांत दोन थर होतात. इतर ठिकाणी चार थर चालतात, आपल्या उन्हाला सहा थर द्या. म्हणजे झाकायला लागलेल्या फेऱ्यांच्या तिप्पट फेरे, आणि वर एक जास्तीचा. मशीनच्या काउंटरवर तो आकडा बसवा.

फिल्मची रुंदी मोजणं मी फार उशिरा शिकलो. पहिल्या वर्षी रोल ट्रॉलीत उन्हात पडले होते आणि आम्ही भर दुपारी गुंडाळत होतो. फिल्म मऊ पडून जास्त ताणली जात होती, बाहेरून गाठ छान चकचकीत दिसत होती. दीड महिन्याने उघडल्या तेव्हा फिल्मखाली पांढऱ्या बुरशीचा थर. चाळीस गाठी सरळ खताच्या ढिगावर गेल्या. त्यानंतर नियम केला: २५ सेंमीची फिल्म गाठीवर चढल्यावर २० सेंमीच्या आसपास राहिली पाहिजे. १८ च्या खाली आली तर ताण जास्त आहे. रोल सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवतो आणि दुपारी बारा ते चार फिल्म चढवत नाही. त्या वेळात पात्यांना धार लावतो, माणसं जेवून घेतात.

एक टनाची बॅग भरणाऱ्यांसाठी थोडक्यात: एका वेळी वीतभर थर, कडेकडेने आधी आणि मधे नंतर तुडवणं. पाय आत रुतायचा थांबला की पुढचा थर टाका. भरल्यावर अस्तराचं तोंड गोळा करून आतली हवा दाबून काढा. काही जण घरसफाईचा व्हॅक्यूम क्लीनर लावतात, चालतो. मग तोंडाला घट्ट पीळ द्या, दोरी बांधा, पीळ उलटा दुमडून पुन्हा बांधा. एकाच गाठीने बांधलेलं तोंड हळूहळू हवा ओढतं. युरियाच्या, सिमेंटच्या जुन्या गोण्या मुरघासाला वापरू नका.

ठेवायची जागा

गाठी उचलताना फिल्मला नख, अंगठी, विळा काहीही लागू देऊ नका. दोघांनी खालून हात घालून उचला, लोटू नका. जमीन सपाट आणि खडेमुक्त करून खाली भाताचं तूस किंवा वाळू पसरा, पऱ्हाटी पसरू नका, तिची टोकं फिल्म फाडतात. गाठ सपाट बाजूवर उभी ठेवा, तिथे फिल्मचे थर जास्त असतात. दोनच्या वर थर रचू नका.

सावली हवीच. पत्र्याचं शेड असेल तर उत्तम, नसेल तर झाडाखाली नको, कारण पक्षी चोची मारतात आणि फांद्या पडतात. बांबूवर शेडनेट ताणा. उंदीर हा खरा शत्रू. गाठींचा ढीग धान्याच्या खोलीपासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब, भोवती हातभर जागा साफ. आठवड्यातून एकदा सगळ्या गाठींवरून नजर फिरवा. भोक दिसलं तर जागा पुसून, वाळवून मुरघासाची खास टेप लावा. घरातली तपकिरी पॅकिंग टेप उन्हात पंधरा दिवसांत सुटते. बंद गोदामात ठेवत असाल तर पहिले दोन-तीन आठवडे आत जाण्याआधी दर वेळी दार-खिडकी उघडून हवा खेळू द्या. आंबताना विषारी वायू तयार होऊ शकतो, पिवळट-तांबूस धूर दिसला तर आत पाऊल टाकू नका.

उघडणे आणि खाऊ घालणे

४५ दिवस थांबा. चांगला मुरघास पिवळसर-हिरवा, तुकडा ओळखू येणारा, वास आंबट-गोडसर, ताकाजवळ जाणारा. पीएच पट्टीवर ३.८ ते ४.२. काळपट रंग आणि भाजल्यासारखा वास आला तर माल गरम झाला होता. सडक्या लोण्याचा वास आणि हाताला चिकटपणा आला तर माल ओला होता. माझी पहिली चांगली गाठ उघडली तेव्हा शेजारच्या आबांनी मूठभर नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाले, “आंबट शे, पण चांगला शे. दे ढोरेस्ले, खाई लेतीन.” अर्ध्या तासात गव्हाण रिकामी होती.

पहिले चार-पाच दिवस ५ किलोपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. दूध काढल्यानंतर द्या, आधी दिला तर दुधाला वास लागतो. बुरशीचा भाग हातभर आजूबाजूच्या मालासकट काढून टाका. गाभण जनावराला शंका असलेला मुरघास अजिबात नको, गर्भपाताचा धोका असतो.

खताची गोणी : आधी खत शिजू द्या

आता पऱ्हाटी आणि केळीच्या खांबांकडे वळू. पऱ्हाटी लाकडासारखी, पाणी कमी, कुजायला हट्टी. खांब नुसता पाण्याचा. दोन्ही श्रेडरमधून (तुकडे करणाऱ्या मशीनमधून) काढून, शेणासोबत थरांत रचले की एकमेकांची उणीव भरून काढतात. पऱ्हाटी वेचणी संपताच श्रेड करा. बोंडांत राहिलेली गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात नको असेल तर हाच काळ. ढिगाची ओल ५० ते ६० टक्के, आतली उष्णता ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढते, उतरली की पलटी द्यायची. पलटी दिल्यावरही ढीग तापत नाही, मातीचा वास येतो, काडी ओळखू येत नाही, तेव्हा खत तयार झालं समजा. त्यानंतरही महिनाभर सावलीत मुरू द्या.

अर्धवट खत ओळखायची सोपी परीक्षा: मूठभर ओलं खत पातळ पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचाच वास आला तर भरा; सडका किंवा अमोनियाचा वास आला तर परत ढिगात टाका. गरम खत गोणीत भरलं की गोणी आतून घामेजते, खताचे ढेकळे होतात आणि ग्राहक ती परत आणून टाकतो.

चाळणी, हॉपर, काटा, शिलाई

चाळणीसाठी फिरतं गोल चाळण चांगलं, माल पडताना मोकळा होतो. विकण्यासाठी भरत असाल तर खत नियंत्रण आदेश, १९८५ मधली अट लक्षात ठेवा: गांडूळ खत आणि शहरी कंपोस्ट दोन्हींत ओलावा १५ ते २५ टक्के आणि किमान ९० टक्के माल ४ मिमी चाळणीतून गेलेला हवा. ओल ३५ च्या वर असेल तर चाळणीची भोकं बुजतात, त्यामुळे आधी पातळ थरात सावलीत सुकवा.

भरणी मशीनमध्ये हॉपर (वरून माल ओतायची निमुळती पेटी), खालून माल ढकलणारा स्क्रू किंवा पट्टा, आणि लोडसेलचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, काटा असतो. खताच्या मशीनची सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे हॉपरमध्ये कमान धरणं: वरून माल भरलेला दिसतो, खालून काहीच पडत नाही. धान्याचा हॉपर खताला चालत नाही. भिंती ६० अंशांहून उभ्या आणि आतून गुळगुळीत असाव्यात, तोंड रुंद, आत फिरणारा ढवळणारा दांडा असावा. विकत घेण्याआधी तुमचं स्वतःचं, तुमच्या ओलीचं दोन गोण्या खत घेऊन जा आणि त्यात टाकून पाहा. वाळलेल्या गांडूळ खतावर दाखवलेली चाचणी मानू नका.

वजनाचा हिशेब इथे समजून घ्या, कारण आपल्या हवेत तो फार महत्त्वाचा. २५ टक्के ओलीवर ५० किलोची गोणी भरली, त्यात सुका भाग ३७.५ किलो. उन्हाळ्यात गोदामात ओल २० टक्क्यांवर आली की तीच गोणी ४७ किलोच्याही आत भरते. ग्राहकाने तोलली तर तुम्ही खोटे ठरता. म्हणून १८ ते २० टक्के ओलीवर भरा, त्यात वर अर्धा-एक किलो घाला. मुरघासासारखं आत प्लास्टिकचं अस्तर नको. विणलेली, हवा जाऊ देणारी गोणी घ्या. काटा वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळून शिक्का मारून घ्या. तोंड शिवायला हातातलं पोती शिवायचं मशीन पुरेसं आहे, तोंड दुमडून शिवा म्हणजे दोरा सुटत नाही.

स्वतःच्या शेतात वापरायचं असेल तर परवान्याची भानगड नाही. ब्रँड लावून विकायचं असेल तर कृषी विभागाची परवानगी आणि प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावाच लागतो. दुसऱ्या कंपनीच्या छापील रिकाम्या गोण्यांत आपलं खत विकणं सरळ गुन्हा आहे.

पैसे

कुट्टी मशीनसारख्या अवजारांसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. मोठं मुरघास युनिट काढायचं असेल तर राष्ट्रीय पशुधन अभियानात, २०२१ नंतरच्या रचनेनुसार, चारा उद्योगासाठी ५० टक्के भांडवली अनुदान आहे, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत. अनुदान मिळेल म्हणून मशीन घेऊ नका. आधी गावात किती टन माल भरला जाईल त्याची यादी नावानिशी करा, मग अर्ज भरा. भाड्याने फिरवणार असाल तर दर टनावर ठरवा, गाठीवर नको. गाठीवर ठरवलं की गाठी हलक्या येऊ लागतात.

हंगाम संपला की बेलरच्या साखळ्या धुऊन तेल लावा. मुरघासाचा आंबट रस लोखंड खातो. पट्टे सैल करून ठेवा, फिल्मचे उरलेले रोल त्यांच्या मूळ खोक्यात, सावलीत.

शेवटची गोष्ट गव्हाणीजवळची. गाठ उघडताना फिल्म एका बाजूने चिरून पूर्ण सोलून काढा, सुतळी किंवा जाळी एका तुकड्यात ओढून घ्या. सुतळीचा वीतभर तुकडा चाऱ्यात गेला तर तो जनावराच्या पोटात अडकून राहतो, शेणावाटे पडत नाही. आमच्या गोठ्यात खांबाला एक मोठा खिळा मारला आहे. उघडलेल्या प्रत्येक गाठीची सुतळी सालदार त्या खिळ्यावर अडकवतो, आणि महिनाअखेरीला आम्ही उघडलेल्या गाठी आणि खिळ्यावरच्या सुतळ्या मोजून जुळवतो. एक जरी कमी भरली तरी त्या दिवशी गव्हाण रिकामी करून शोधतो.